शेरा

दाखल नोंदवहीतला शेवटचा रकाना अरुंद आहे.
आखणाऱ्याला वाटलं असणार,
इथे कुणाला फारसं काही लिहायचं नसतं.

पहिलं पान : जुन्या जकातीच्या गोदामात
सदतीस पुस्तकं, भाताची एक पेटी, वर्गणी चार आणे.
अक्षर भिकाजी रेडकरांचं, बोरूचं,
काना काढताना जरा मागे रेललेलं.
शेरा : पेटीस कुलूप नाही. दमट हवेने
झाकण फुगते, तेवढे पुरते.

मी हे सगळं संगणकात भरते आहे.
रोज दोनशे नोंदी, मानधनावर, मार्चअखेरपर्यंत.
खिडकीबाहेर बर्फाच्या कारखान्याची घरघर,
टेबलावर कसरीने चाळण केलेली वही.
पान उलटलं की बोटांना बारीक मीठ लागतं.

चारशे बारा ते चारशे तीस
यांच्यापुढे एकच मोठा कंस
आणि कंसाबाहेर एक शब्द : खाडीत.

तेव्हा पलीकडच्या तीरावर शाखा नव्हती.
दर गुरुवारी इस्माईल सारंगाच्या होडीतून पेटी जायची,
रिकाम्या करंड्यांच्या शेजारी बसून.
समितीने भाडं विचारलं तर म्हणाला,
पेटीक कसला भाडा?
तेही नोंदलंय रेडकरांनी, जमाखर्चाच्या कडेला.
मग एका उधाणात होडी कलंडली.
माणसं पोहून आली.
खाली वेगळ्या शाईत :
चार सापडली. वाळवली. वाचण्याजोगी.
चारशे सतरा अजून कपाटात आहे,
पानं भाजल्या पापडासारखी वाजतात.

मासळी बाजारातल्या बायकांनी
वर्गणी गोळा करून आणली त्या वर्षी
समितीच्या तीन बैठका झाल्या,
विषय : हातांचा वास.
ठराव : पुस्तके बाहेर ओट्यावर द्यावीत.
त्या ओट्यावर पुढे झावळ्या आल्या, मग कौलं, मग पंखा.
आता तिथे महिला विभाग अशी पाटी आहे
आणि उद्घाटनाच्या फरशीवर ज्यांची नावं आहेत
त्यांतलं कुणी ओट्यावर बसलेलं नव्हतं.
सहाशे अठ्ठ्याऐंशी. चानी तांडेल. मुदतीआधी परत.
शेरा : पान ९१ वर खवला.
काम सोडून मी ते पुस्तक शोधलं,
पान उघडलं.
आहे.

नंतर शेरे आखडत जातात.
नगरपालिका आली, रबरी शिक्के आले,
खारवीवाड्यात एक शाखा, मोहल्ल्यात एक,
हलीमा परकारने दिलेलं उर्दू कपाट,
एसटीत कंडक्टरच्या सीटखाली
घाटातल्या वाडीला जाणारी पत्र्याची ट्रंक.
ड वर्ग, क वर्ग, ब.
मधली अकरा वर्षं कुणीच काही लिहिलं नाही,
फक्त निर्लेखित, निर्लेखित, निर्लेखित.
आता वरच्या मजल्यावर अभ्यासिका :
साठ मुलं, साठ पाण्याच्या बाटल्या,
तलाठी भरतीची तयारी.
खाली येतात ती चार्जरसाठी.
एक मुलगी मात्र काल जिन्यात थांबून
विचारत होती, कथा कुठे असतात?

गेल्या तपासणीत पंधरा पुस्तकं कमी भरली,
अ वर्ग हुकला.
पंधरा.
साहेबांना मी सांगितलं, ती कुठे आहेत ते.
ते हसले. बाद करा म्हणाले.

संगणकात शेऱ्याचा रकानाच नाही.
स्थिती : तीन पर्याय, उपलब्ध, वितरित, बाद.
दुपारभर ती रेघ लुकलुकत राहिली.
वरून कुणीतरी पंखा बंद कर म्हणून ओरडलं.

मी वितरित निवडलं.
सभासद क्रमांक मागितला, शून्य टाकला, चालला.
परतीची तारीख टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.
भिंतीवर मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर आहे,
त्यात मोठ्या भरतीला निळा गोल असतो.
ती तारीख टाकली.

त्यानंतर दंड सुरू होईल,
दिवसाला पन्नास पैसे, प्रत्येकी.