उद्या अकोलेवाले

पऱ्हाट्या पेटल्या तेव्हा आम्ही हरलेलो होतो,
तीन-शून्य.
वांगी जाळात गेली तशी
फेगड्यांनी एक गोल कमी केला :
"त्यायचा दहा नंबरवाला लंगडून राह्यला म्हने.
माह्या साडूनं पाह्यला, शेगावच्या स्टेशनात."
साडूची साक्ष कोर्टात टिकणार नाही.
पण थंडीत, मळ्यात, जाळाभोवती
माणूस साडूवरही विश्वास ठेवतो.

गफूर तडवी वांगं नुसत्या हातानं उलटवतो.
डिझेल शेडात बावीस वर्षं ग्रीस प्यालेली बोटं ती,
जाळ त्यांना ओळख देतो.
"मांगच्या साली पाच खाल्ले आपुन," तो म्हणाला,
"पाच. अन् ते पानी प्याले बी थांबले नाहीत."
मिरच्या ठेचणारा हात
बडगीतच थांबला.

खरं तर आम्ही बाद फेरीत आलोच कसे?
मनमाडची टीम ज्या गाडीत होती
ती चाळीसगावच्या अलीकडे चार तास उभी राहिली.
गुण आम्हाला.
गाडी उशिरा आणणं, इंगळे टीसी म्हणतो,
हेही शेवटी आपल्याच खात्याचं कर्तृत्व.
तो स्वतः लेफ्टला खेळतो, नाइट ड्युटी करून,
आणि बॉल आला की आधी
त्याच्याकडं तिकीट मागितल्यासारखा बघतो.

मग उताराची गोष्ट निघाली.
ती निघतेच.
यार्डाच्या बाजूला मैदान वीतभर खाली आहे,
हे भुसावळला ठाऊक, अकोल्याला नाही.
दुसऱ्या हाफात उतार आपला.
दोन-एक.
वांग्यांची सालं निघाली, हात काळे झाले,
कांद्याची पात पडली, शेंगदाणे पडले,
फोडणीचा तडतडाट झाला आणि कुणी तरी बरोबरी साधली.

प्रणिता, फेगड्यांची धाकटी, वही घेऊनच बसलेली.
"पेनल्टीवर गेली तर?" ती म्हणाली.
"देविदासदादानं यंदा सातातल्या चार अडवल्या."
चार?
वही हातोहात फिरली, कळण्याच्या पुऱ्यांचं तेल लागलं तिला.
देविदास सपकाळे सावद्याला रात्री केळीचे ट्रक भरतो.
वरून आलेला घड असा झेलतो
की एक फणी दुखावत नाही.
हे आम्ही रोज पाहिलेलं,
मोजलं मात्र एका पोरीनं.
दुसऱ्या वाढपापर्यंत आम्ही फायनलला होतो.
नाशिकसाठी क्रूझर ठरवायची की दोन,
यावरून गफूर आणि इंगळे भांडले.
मी काही बोललो नाही.
मैदान आखणाऱ्याला कुणी अंदाज विचारत नाही.

पहाटे चुन्याचं घमेलं घेऊन एकटाच.
गोलरेषेपासून बारा पावलं, दरसालची.
बारावं टाकलं आणि उभा राहिलो.
आम्हाला पेनल्टी मिळाल्याचं
कॉलनीत कुणालाच आठवत नाही.
म्हणजे हा ठिपका त्यांचाच.
एखादं पाऊल मागं सरकला,
इकडं आणि तिकडं, सारखाच,
तर कुणाचं काय जातं?
यार्डात डबे एकमेकांवर आपटत होते.
तेरावं पाऊल मी उचललंही होतं, खोटं कशाला बोलू.

खांबाशी कुणी तरी खोकलं.
देविदास. ट्रक भरून तसाच आलेला,
शर्टावर केळीच्या चिकाचे डाग,
हात काखेत दाबलेले.
"मामा, ठेवा ना चुना," तो म्हणाला,
"मले तेवढ्यावरूनच पाह्याची सवय हाय."

ठेवला. बाराव्यावर.
जरा जास्तच ठेवला, नीट दिसावा म्हणून.
मग हात झटकत विचारलं,
रात्री जेवला का रे?
"नाही," म्हणाला. "प्रणितानं भरीत झाकून ठेवलंय म्हने.
संध्याकाळपर्यंत टिकते ना ते?"
थंडी आहे, मी म्हटलं.
टिकेल.