ओढ, सोड

बार्न्सलीच्या वाचनालयात, दुसऱ्या मजल्यावर,
गुरुवारी साडेसहाला आम्ही सात जण बसतो.
हीटर एकाच बाजूचा चालतो,
म्हणून सगळे त्या बाजूला,
आणि प्रोजेक्टरचा उजेड पडदा सोडून
थोडा भिंतीच्या कोपऱ्यावर सांडतो.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, घाबरू नका,
इथं मोडत काही नाही.
हेझल ऑग्डेननं माऊस उचलला
आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्यावर रोखला.
कुणी हसलं नाही. मला ते बरं वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात तिनं गॅसच्या बिलांचा गोल केला.
बासष्ट फाका,
सोललेलं संत्रं कुणाच्या पायाखाली यावं तसा.
छान आहे, मी म्हटलं, पण हे वाचायचं कसं?
ती म्हणाली, वाचून तरी काय, भरायचंच आहे ना.

मी इंग्रजीतून शिकवते. पण हात करून दाखवताना
आत मराठीच चालू असते:
हे नाव धर. ओढ. इथवर आण. सोड.
ओढ, सोड. ओढ, सोड.
मिरजेच्या शाळेत मोकाशी सर म्हणायचे,
प्रमाण आधी लिहा, एक सेंटिमीटर म्हणजे दहा पोती.
आणि मी त्या सेंटिमीटरात पोती शोधत बसायचे.

अर्नल्ड थ्रेलफॉल. वय एकोणऐंशी.
बोटं जाड, एक दाबायला गेला की दोन अक्षरं उमटतात.
त्याच्या एकतीस वह्या, कबुतरांच्या शर्यतींच्या:
कुठून सोडली, वारा कुठला, पायातल्या कडीचा नंबर,
घरी यायला किती तास.
हिवाळाभर एका बोटानं त्यानं त्या कॉम्प्युटरात भरल्या.
आज त्यातली एकच निवडली,
निळी मादी, शेपटीत एक पांढरं पीस.

तारखा आडव्या ओढल्या, तास उभे.
रेघ निघाली. आठ, साडेसात, नऊ, आठ,
आणि एकदम खाली. तळाला.

वही उघडली. जुलैमधला शनिवार, फ्रान्समधून सोडलेली.
पुढची चौकट कोरी.
पेन्सिल टेकवून उचलल्याचा फक्त एक ठिपका.
'त्यानं शून्य धरलंय,' मी म्हटलं.
अर्नल्डनं चष्मा काढला.
'शून्य तास म्हणजे सोडल्याक्षणी माझ्या छपरावर?
पोरी, न येणं आणि लगेच येणं
एका ठिकाणी कसं बसवतेस?'

उत्तर धड्यात होतं, पान सदतीस.
उजवं क्लिक, खालून तिसरा पर्याय.
मी विचारलं, आलीच नाही का मग?
'आली की. एकोणिसाव्या दिवशी.
गल्लीतून चालत, एक पंख ओढत.
घड्याळ केव्हाच क्लबात जमा झालं होतं.'
मग एकोणीस गुणिले चोवीस भरू या?
माझं बोट आकड्यांवर गेलंसुद्धा.
'नको,' तो म्हणाला.
'त्या शनिवारी मला ते माहीत नव्हतं.'

झ्बिग्न्येफला आठला गोदामात रात्रपाळी असते.
तो घड्याळ बघायचा थांबला.

पाखरांत क्रम उलटा असतो, तेव्हा लक्षात आलं.
आधी सोड. मग ओढ.
हे अर्नल्डला इंग्रजीत सांगायला गेले
आणि दोन्ही शब्द नुसते माऊसचे झाले.
मग क्लिक केलं.

रेघ आठवर थांबली.
पुढं बोटभर भिंत, नुसती भिंत,
आणि पलीकडे पुढच्या मे महिन्यात
साडेदहावर पुन्हा सुरू, जरा डगमगत.
अर्नल्ड उठून त्या बोटभर जागेपर्यंत गेला.
त्याच्या डोक्याची सावली तिच्यावर पडली.
'असंच ठेवता येतं?'
येतं.
'छापता पण?'
छापता पण.

खाली कुणीतरी दिवे मालवायला लागलं होतं.
हेझलनं हात वर केला, शाळेतल्यासारखा:
माझ्या गोलाला संत्र्याचाच रंग देता येईल का?
येईल, मी म्हटलं.
रंग धरा. ओढा.