चौथी मालकीण

आरसी बुकात माझं नाव चौथं.
वरची तीन शिक्क्यांखाली अर्धी पुसलेली:
बिराजदार, गज्जम, नदाफ.
एजंट म्हणाला होता, एकाच हाताने चालवलेली गाडी आहे, मॅडम.
हात कुणाचा ते बोलला नाही.

पहिल्याच मार्चात, होटगी रोडला,
नाइट ड्युटी संपवून येताना काटा लालात गेला.
सकाळचे सात.
ऊनसुद्धा अजून कामावर आलं नव्हतं.
बॉनेट उघडलं तर आत घरघर,
बेड नंबर नऊच्या आजोबांची पहाटेची असते तशी.
मी नर्स. मला एवढंच कळलं
की सलाइन लावून भागणार नाही.

मैनुद्दीन मिस्त्रीने रेडिएटर बदलला.
मग थर्मोस्टॅट.
मग पंप, मग एक पाइप, ज्याचं नाव त्यालाही आठवेना.
पगाराच्या दिवशी तो मला एटीएमच्या आधी दिसायचा.
शेवटी हात पुसत म्हणाला,
"आता जे राहिलंय ते मूळचं हाय."

समोरच्या कप्प्यात जुन्या पावत्या होत्या,
शेंगांच्या टरफलांत मिसळलेल्या.
पावत्यांवर नंबर.
एका रविवारी मी फोन लावत बसले,
पेशंटची हिस्टरी घेतात तशी, वही उघडून.

नदाफ म्हणाले, डावी काच खाली करूच नका.
केलीत तर हाताने ओढा, ओढताना शिव्या द्या,
तिला आमच्यापासून सवय हाय.
आणि वायपर?
ते हसले. "पाऊस कुठंय ओ मॅडम सोलापुरात?"

गज्जमांच्या मागे माग चालू होते.
ते ओरडून बोलत होते, मी ओरडून लिहीत होते.
"उन्हात लावू नका!"
सावली कुठाय, मी विचारलं.
बराच वेळ फोनवर नुसता खडखडाट.
मग म्हणाले, चावी अर्धी फिरवायची आणि थांबायचं,
ओकटी, रेंडू, मूडू.
मग पूर्ण.
"मराठीत मोजून बघितलं आम्ही. उठत नाही."

उठली.
मी अशोक चौकात, सिग्नलला, हॉस्पिटलच्या फाटकात,
बंद पडेल तिथे तेलुगूत मोजू लागले.
वॉर्डातल्या पद्मा सिस्टरने एकदा ऐकलं
आणि माझा उच्चार सुधारला.
त्यानंतर गाडी जरा लवकर उठते,
असं मला वाटतं. मैनुद्दीनला नाही वाटत.

बिराजदारांचा फोन बाईंनी उचलला.
साहेब आहेत का?
नाहीत, म्हणाल्या. दोन वर्षं झाली.
मी ठेवणारच होते.
"पांढरी का? तेरा नंबरची?
अजून चालते?"
चालते आणि थांबते, म्हटलं.
तेव्हा त्या आवाज खाली आणून बोलल्या,
घरात कुणी झोपलेलं असावं तसा:
"शोरूममधनं आणताना सात रस्त्याला बंद पडली ती.
हार घातलेला होता. मी मागे बसलेले, मांडीवर पेढे.
हे म्हणाले, कुणाला सांगू नकोस.
चार पोरांनी ढकलली.
त्यांनाच पहिले पेढे दिले.
नाही सांगितलं मी कुणाला. आज तुम्हाला."

मी वहीत काहीच लिहिलं नाही.
मूळचं हाय.

परवा कुंभारीहून एक मुलगा आला बघायला.
टॉवेलची गाठोडी वाहायची आहेत म्हणाला.
टायरला लाथ मारली, आरशात केस बघितले,
विचारलं, काय प्रॉब्लेम नाही ना, ताई?

माझ्या तोंडात एजंटचं वाक्य आयतं होतं.
ते गिळलं. काचेचं सांगितलं, काट्याचं सांगितलं,
पावतीच्या मागे माझा नंबर लिहून कप्प्यात ठेवला
आणि विचारलं,
तुला तेलुगूत तीनपर्यंत मोजता येतं का?

तो हसला. पाच हजार कमी केले.
चावी फिरवली,
आणि ही नालायक
पहिल्या झटक्यात उठली, न मोजता,
शोरूममधली असल्यासारखी.

कोपऱ्यापर्यंत आवाज येत होता.
मी फाटकाला धरून उभी,
ओकटी,
रेंडू,