मोहाखालची हजेरी

मोहाच्या दिवसांत कोसमटोल्याच्या शाळेत
आम्ही तिघंच उरतो.
मी, फळा,
आणि खिचडीच्या खोलीतलं मांजर.

पहिल्या वर्षी घरोघर फिरले.
दारं उघडी, आत कोणी नाही.
दुसऱ्या वर्षी हजेरीपट काखेत मारला
आणि पहाटे पाचला टॉर्च घेऊन
पोरांच्या मागोमाग रानात शिरले.

मी अकोल्याकडची.
आमच्याकडे झाड म्हणजे धुऱ्यावरची एक बाभूळ,
तीही शेजाऱ्याच्या भांडणातली.
इथं चौथीच्या वर्गानं
मला पहिलीत बसवलं.
ऐनाची साल मगरीची, बाई, हात लावून पाहा.
हा बिबा, याच्या खाली झोपू नोका, अंग उतते.
हे अस्वलाचं नख. कालचं नाही, परवाचं.
मोह वेचताना मान खाली ठेवायची,
कान मात्र वर.

मग मीही माझा एक तास ठेवला.
टोपल्या भरल्या की, ऊन चढायच्या आत,
ज्यानं त्यानं एक झाड धरायचं,
पाठ टेकवून बसायचं,
बोलायचं नाही.
मी ताट वाजवीन तेव्हा यायचं.

लालसू परत येऊन म्हणाला,
माझ्या झाडावर एकशे चार मुंगळे चढले,
नव्व्याण्णव उतरले, पाच वरच हायेत.
वर्षभर त्याची वजाबाकी चुकत होती.
कौशी म्हणाली, सागाचं पान पापडासारखं मोडते,
पळसाचं चामड्यासारखं.
झिंगरू म्हणाला, काहीच नाही झालं.
त्याला मी पैकीच्या पैकी दिले.

एका सोमवारी ताट वाजवलं.
सतरा आले.
पुन्हा मोजले. सतराच.
रैनी नैताम नाही.

पोरांना मोठ्या मोहाखाली बसवलं,
लालसूच्या हाती ताट दिलं,
आणि निघाले.
हाक मारावी तर घशातून
हाकेऐवजी वाराच येत होता.
वाघाचं पाऊल वाजत नाही म्हणतात.
त्या दिवशी कुठंच काही वाजत नव्हतं.

नाल्याच्या अलीकडं, तेंदूच्या झुडपामागं
ती बसलेली. ताठ.
मी तोंड उघडलं
आणि तिनं डोळ्यांनीच मला थांबवलं.
मग डोळे खाली नेले,
तिच्या गुडघ्यापासून वीतभर.

वाळकी पानं. माती. खडे.
मला दुसरं काही दिसेना.
मग एका पानाला डोळा आहे असं वाटलं.
फट उघडावी तेवढा,
आणि तो आमच्याकडंच बघत होता.

रातवा.
पोटाखाली दोन अंडी असणार,
नाहीतर एवढ्या जवळ कोणता पक्षी माणूस सोसेल?

मी जिथं होते तिथंच खाली बसले.
किती वेळ, ते सांगता येणार नाही,
घड्याळ बघायला हात हलवावा लागला असता.
रैनीच्या घोट्यावरून एक किडा चढला, उतरला.
दूर मोह पडला. टप्.
आणखी एक.

मग ती मागं सरकू लागली.
उठली नाही.
बसल्या बसल्याच, तळहातांवर,
जशी घरात आजा जेवत असताना
पोरं सरकतात, पाठ न दाखवता.
एक वीत. थांबणं. एक वीत.
मीही तशीच,
नव्या सुती साडीसकट.

तेंदूपलीकडं आल्यावर उभी राहायला गेली
आणि कोसळली. पाय बधिर.
हसू दाबत मला म्हणाली,
"बाई, पोट्ट्यायले सांगू नोका.
लालसू अंडी भाजून खाते."

पोरांनी विचारलं. आम्ही दोघी गप्प.
संध्याकाळी तिच्या मायनं विचारलं,
टोपली अर्धी कशी, फ्रॉक मागून लाल कसा.
रैनी गप्पच.
मला विचारलं, तर मी मोहाच्या भावाचं बोलले.

केंद्रप्रमुख महिन्यानं आले.
हजेरीपट चाळता चाळता
त्या सोमवारवर बोट ठेवलं:
हे काय लिहिलंय, मॅडम?

नैताम रैनी. हजर.
उशिराचं कारण: पायाला मुंग्या.