नऊ अक्षरं

जोडबसवण्णा चौकातून आत, तिसरी गल्ली.
पत्ता विचारावा लागत नाही, खटखट ऐकत जायचं
आणि ती पायाखाली आली की थांबायचं.
खाली चार माग. वर दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर:
एक व्यंकटेशचा, टॉवेलच्या डिझाइनचा,
एक सौजन्याचा, अकरावीचा.
पत्र्याखाली दुपारचे अडीच. मे महिना.

राउटर कपाटावर ठेवला. तो थरथरत कडेला आला.
मागं सारला. परत आला.
शेवटी खाली चादरीची घडी घातली,
त्यांच्याच मालातली, डाग पडलेली.
मग बसला गुमान.

वायर सोलली. आत आठ तारा, दोन-दोनच्या जोडीनं पिळलेल्या.
पीळ उलगडून, नखानं सरळ करून रांगेत लावत होतो,
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा,
तेवढ्यात नरसय्या आजोबांनी खुर्ची जवळ ओढली.
चाळीस वर्षं राच भरलेले डोळे, आता एकच चालतो.
"हिरवा चुकलालास बे.
जोडी इकडं, हा दोन घरं पलीकडं."
म्हटलं, आजोबा, ते तसंच असतं.
"कुणी ठरवलं?"
मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी हेच करतोय.
ते हसले नाहीत. तारांकडं बघत राहिले.
"असंल. कापड उतरल्यावर कळत असंल."

पहिला कॉम्प्युटर लागला.
दुसरा लागला की पहिला सुटायचा.
व्यंकटेशनं एकातलं सगळं उचलून दुसऱ्यात ओतलेलं,
नावासकट, पत्त्यासकट.
"एका पत्त्यावर दोघं आहेत," मी म्हटलं, "म्हणून भांडण."
"आमच्यात तर सात आहेत," आजोबा म्हणाले.
मी शेवटचा आकडा बदलतोय
तोच खालून ओरडा आला: नळ!
पाचव्या दिवसाचं पाणी. खोली क्षणात रिकामी.
माग थांबले. एवढी शांतता, की पंख्याचा आवाज
पहिल्यांदा ऐकू आला.
मीही दोन कॅन वर नेले.
बिलात लावले नाहीत.

परत आलो तर दोन्ही पडदे उजळलेले,
राउटरवर सगळे दिवे हिरवे,
आणि बघायला कोणी नाही.

राहिला पासवर्ड. आठ अक्षरं तरी हवीत.
व्यंकटेश म्हणाला, माझा मोबाइल नंबर.
सौजन्या म्हणाली, तो अख्ख्या मार्केटला पाठ आहे, पप्पा.
आजोबा म्हणाले, तेराशे चाळीस. ताण्यातल्या तारा.
चारच आकडे होतात, आजोबा.
"मग बाकीचे चार कशाला पाहिजेत?"

अव्वा पदर पिळून परत सुपाशी बसली होती,
बिडीची पानं कातरत.
"अव्वा," सौजन्या म्हणाली, "तुझं खरं नाव काय गं?"
आजोबांनी पत्र्याकडं बघितलं.
कात्री थांबली नाही.
"अंडालम्मा."
मी बोटांवर मोजलं. आपल्या लिपीत चार,
इंग्रजीत नऊ.
"बाहेरून कोणी आलं तर त्यालाबी सांगायचं?"
हो अव्वा. नेट पाहिजे असेल तर सांगावंच लागतं.
"सूतवाल्याला? जावयाला?"
हो.
"लिहायला लावायचं?"
हो. एक अक्षर चुकलं तरी चालत नाही.
तिनं एक पान उचललं, उन्हाकडं धरलं,
शीर बघितली.
"मग ठेव."

असा पासवर्ड सांगत फिरू नये, कळतं मला.
एव्हाना बदललाही असेल, असं वाटलं होतं.
पण परवा भलत्याच कामाला त्या गल्लीतून चाललो होतो,
गाडीवर, तोंडाला रुमाल,
तर खिशात फोन थरथरला.
बाहेर मी होतो,
फोन आत जाऊन आला.
गाडी थांबवली नाही. नुसती हळू केली,
खटखट पायाखालून जाईपर्यंत.