पडीक

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात
पार्लागफू फुलतं, आणि मी रडायला लागते.
मेलेल्यांसाठी नव्हे. पण ते फक्त मला ठाऊक.

मी निरोपाची भाषणं करते.
ज्यांना पाद्री नको, त्यांच्या शवपेटीशी उभी राहून
पाच मिनिटांत एक माणूस सांगते:
कुठे जन्मला, कुठल्या ट्रॅक्टरवर बसून म्हातारा झाला.
कुणाशी अबोला होता, ते वगळून.

तेवीस वर्षं या रेताड मैदानातल्या बायका म्हणत आल्या,
"ओर्शोल्यालाच बोलवा. ती मनापासून रडते."
दोन रुमाल बाहीत, तिसरा कागदांखाली,
नाक कोंबड्याच्या तुऱ्यासारखं.

बेनेडेकच्या वेळी मी वाचलं,
"बायकोशी तो एकनिष्ठ होता," आणि शिंकले.
आमच्याकडे म्हणतात, बोलताना शिंक आली
की बोललेलं खरं.
मग दुसरी आली. तिसरी. सातवी.
सातवीला त्याची विधवा
काळ्या हातमोज्यात तोंड खुपसून हसत होती.
"इतकंही खरं नव्हतं गं," नंतर म्हणाली.

उपाय कुणी सांगितले नाहीत?
गेलेर्टच्या पोळ्यांचा मध, रोज चमचाभर, दोन हिवाळे:
वजन वाढलं.
उशाशी चिरलेला कांदा:
नवरा दुसऱ्या खोलीत गेला, अजून तिथेच आहे.
पिवळी गोळी: शिंका थांबल्या, पण डोकंही थांबलं.
एका म्हाताऱ्याला मी
त्याच्या भावाचं नाव घेऊन निरोप दिला.
भाऊ पहिल्याच रांगेत बसला होता.

अगदी नाकी नऊ आले, तेव्हा केचकेमेटला गेले.
डॉक्टर तरुण, नखं कुरतडलेली.
तिने फवाऱ्याची बाटली माझ्या हातात दिली. "मारून दाखवा."
मी मारला.
"असा नाही. मधल्या पडद्यावर नको.
नळी बाहेरच्या बाजूला, कानाकडे.
आणि फुलायच्या दोन आठवडे आधीपासून."
तेवीस वर्षं कुठे माशी शिंकत होती,
ते एवढंसं होतं, नळीच्या टोकाएवढं.

मग उकळून निवलेलं मिठाचं पाणी,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर.
चादरी घरातच वाळत. रात्री केस धुऊनच झोपणं.
जिभेखाली एक गोळी, रोज, तीन वर्षं.
आणि कलिंगड बंद.
"तुमच्या तोंडाला ते त्याच गवतासारखं वाटतं."
ऑगस्ट, आणि कलिंगड बंद!

दुसऱ्या वर्षी वेन्डेल गेला.
मी उभी राहिले, श्वास दोन्ही बाजूंनी आला,
पहिल्यांदाच फुलांचा वास आला, मेणाचा,
कुणाच्या तरी कोटातल्या डांबरगोळ्यांचा.
"त्याच्या रानात काडीभर तण नसायचं," मी म्हणाले,
स्पष्ट, एकदाही न थांबता.
मागून कुजबुज आली: "ओर्शोल्या आटली."
एकीने तर विचारलं, आता पैसे कमी घेणार का.

वेन्डेलचं रान स्मशानाच्या भिंतीला लागून.
मुलगे श्टुटगार्टला. नांगरायला कुणी नाही.
पार्लाग म्हणजे पडीक, आणि फू म्हणजे गवत:
माणूस उठून गेला
की त्याच्या जागेवर जे बसतं, ते.
यंदा जूनमध्येच गुडघ्यापर्यंत आलेलं.
फुलायच्या आत कापायला हवं,
आणि कापलं तरी बुडातून पुन्हा फुटतं, जुलैअखेर पुन्हा कापायचं.
ग्रामपंचायतीला तीन पत्रं लिहिली.
मग मास्क लावला, पोहायचा चष्मा चढवला
आणि बापाचं लांब दांड्याचं विळं घेऊन गेले.

भिंतीला टेकून त्याचं खुरपं उभं होतं.
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली,
अंगठा यायचा तिथे झिजलेली.

चष्मा आतून ओला झाला.
खिशातलं कॅलेंडर काढलं, डॉक्टरने दिलेलं.
जून: माझ्या गवताचे कण, शून्य.
फवारा घेतलेला. गोळी घेतलेली.
पुन्हा पाहिलं. शून्यच.

संध्याकाळपर्यंत अर्धं रान झालं.
घरी आल्यावर नाक धुतलं तरीही,
आधी डावं, मग उजवं.