कडेच्या ओळी

टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्याखाली उतरलेली तीन खाचरं.
हातात टेप, पिशवीत सुतळी आणि खुंट्या,
चिखलात भाताच्या आठ जातींच्या जुड्या, चिठ्ठ्या बांधलेल्या.
मी कागदावर चौकोन आखून आणले होते,
साडेतीन बाय साडेतीन,
दिसायला देखणे.

काथोड देसले बांधावर तंबाखू मळत होता.
म्हणाला, बाई, खाचर पाडताना आमच्या आज्यानं
वरचं खणलं नि खाली टाकलं.
वरच्या अंगाला अजून मुरूम लागतो कुदळीला.
खाली काहीही खोचा, येतंच.
तुमची एक जात वर बसली, एक खाली,
तर परीक्षा कुणाची? भाताची का जागेची?

टेप गुंडाळली.
पुन्हा सोडली, उताराच्या अंगाने:
सहा मीटर लांब, दोन रुंद.
प्रत्येकीला थोडा मुरूम, थोडा गाळ.
काथोड म्हणाला, आमची वाटणी अशीच झाली होती,
वरच्या बांधापासून ओढ्यापर्यंत एकेक पट्टी.
मग भांडण नाही झालं?
झालं की. पण मातीवरून नाही.

आणखी लहान करावा का, यावर दुपार गेली.
लहान वाफ्यात खेकड्याचं एक बीळ म्हणजे दुष्काळ,
मोठ्यात ती नुसती हकिगत.
पण फार मोठा केला
की या टोकाची माती त्या टोकाला ओळख देत नाही,
आणि एका दिवसात कापायला माणसं कुठली आणायची?

लांब केला की कड वाढते, हेही लिहून ठेवलं.
कडेचं रोप फसवं.
एका बाजूला शेजार नाही,
ऊन त्याचं, वारा त्याचा, खतही हात लांबवून घेतलेलं;
लोंबी जड, मान शहाण्यासारखी खाली.
दहा ओळींतल्या दोन इकडच्या, दोन तिकडच्या
वजनात धरायच्या नाहीत.
मधल्या सहा खऱ्या,
ज्या दाटीत उभ्या राहून पिकल्या.

कापणीला आधी कडा काढल्या.
चोवीस वाफ्यांचे भारे बांधावर वेगळे पडले,
चिठ्ठी नसलेले, कुठली जात कुठली ते कळू नये असे.
ठमाबाईने विळ्याने दाखवलं, हे कुणाचं?
म्हटलं, हे कुठेच लिहायचं नसतं.
मग आमचं, ती म्हणाली, आणि भारा डोक्यावर घेतला.

महिन्याने तिच्याकडे जेवले.
आठ जाती एका पातेल्यात,
काही शितं लांब, काही ठेंगणी, एक लालसर,
वर सुकटीचं कालवण.
फसवा भात.
मी दोनदा घेतला.